स्वेटर

आई बेळगावला गेली ती पी.एफ.च्या कागदासाठी.
मी बरोबर, कारण फॉर्म कानडीत.
मला तरी कुठं येत होतं?
पण निपाणीत शाळेला जाणाऱ्या पोरीला
सगळंच वाचता येतं, असा तिचा समज.

तिच्या बोटांचा तंबाखूचा वास साबणानं जात नसे.
तीस वर्षं मांडीवर सूप,
पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा.
हजाराला हजार. छाटणीत गेलेल्या वेगळ्या.
कारकुनानं अंगठ्यासाठी शाई पुढं सरकवली.
आईनं पेन मागितलं.
इंदुबाई धोंडिबा मधाळे.
तेवढंच लिहिता यायचं तिला, पण ओळ सरळ.

तेवढ्यात साहेब आले, कपाळावर भस्माचे पट्टे.
"शरणु शरणार्थी," कारकून हात जोडून म्हणाला.
आई दचकली.
बाहेर आल्यावर हळूच:
आपल्याला म्हणाला का गं, शरणार्थी?
नाही गं, ही त्यांची नमस्काराची रीत.
नमस्कारात शरण, आई म्हणाली,
आणि स्टँडपर्यंत गप्प.

डिसेंबर. दोरीवर स्वेटर टांगलेले,
खाली मुंडगोडच्या कॅम्पातली बाई.
डोल्कर, नाव मागाहून कळलं.
एष्टु?
नूरा ऐवत्तु.
भाळ आतु. कम्मी माडरी.
जी भाषा पाटीवर दिसली की आमच्या गल्लीत मुठी आवळत
ती आईच्या तोंडून अशी वाहताना
मी पहिल्यांदा ऐकली.
डोल्करचीही नव्हेच ती.
दोघींनी उसनी घेतलेली, साखरेसारखी.

पैशाच्या डब्यात बोटभर पितळी बुद्ध.
आमच्या विहारातल्यापेक्षा डोळे बारीक,
अंगावर वस्त्र जास्त. थंडीतून आलेला.
आईचे हात सवयीनं जुळले:
बुद्धं सरणं गच्छामि.
नोटा मोजता मोजता डोल्कर थांबली.
सांग्ये ला क्याब सू छिओ, ती म्हणाली.
मग कानडीत उलगडून सांगितलं:
क्याब म्हणजे शरण.
आणि आमच्यासारख्यांना म्हणतात क्याब्चोल,
शरण मागत आलेले.
हसली. दोन नोटा चिकटल्या होत्या, त्या सोडवल्या.

कधीतरी कुणी चिवर खांद्यावर घेऊन
आमच्याच एखाद्या घाटानं बंदराला उतरला असेल,
भिक्षापात्र आणि पाठ केलेल्या चार ओळी, एवढ्या सामानावर.
कुणी सिंहलात गेला, कुणी ब्रह्मदेशात,
कुणी वाळवंटातनं उंटांच्या मागं मागं चीनपर्यंत,
तिथनं कोरिया, तिथनं जपान, होडी मिळेल तसं.
गेला त्या त्या गावानं त्याला आपला चेहरा दिला.
निघाला त्या गावानं नाव टाकलं,
त्याच्या लेण्यांत गुरं बांधली.
छपन्न साली माझा आजा वखारीच्या अंगणात उभा राहिला,
बावीस शपथा म्हणाला, एकविसावीला खोकला आला
म्हणून ती दोनदा.
सांजच्याला आजीनं देव्हाऱ्याची फळी काढून
तिच्यावर मिठाची बरणी ठेवली.
घरी आलो, आजा म्हणत असे.
आणि तिसऱ्या वर्षी
डोल्करला पोटात घेऊन तिची आई
बर्फातनं खाली उतरत होती, पायात एकच जोडा.
आम्हाला घर सापडलं, तिचं सुटलं.
शब्द एकच लागला दोघींना.

ह्यातलं काही मी तेव्हा जोडलं नव्हतं.
तेव्हा खिडकीतनं नुसतं ऊसच ऊस दिसत होता.

वीस रुपये सोडले नाहीत बयेनं, आई म्हणाली.
मी म्हटलं, एकाच देवाची माणसं असून?
देव नव्हं गं त्यो, आई म्हणाली,
किती डाव सांगायचं तुला?
आणि संकेश्वर यायच्या आत झोपली.

स्वेटर मापापेक्षा मोठा.
धुतला की आटेल, डोल्करनं बजावलं होतं.
आई गेली, तिचं सूप गेलं,
विड्यांची वखार गेली, तिथं आता मंगल कार्यालय.
स्वेटर मी घालते.
अजून आटला नाही.